लिलाव तबकडीचा की शब्दाचा?

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरली. आत आजोबांच्या ३८ तबकड्या निघाल्या. काही लाखेच्या, जाडजूड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. बाकीच्या व्हिनाइलच्या, ज्यांना आपण एल.पी. म्हणतो. आजोबा जाऊन आठ वर्षे झाली आणि त्यांचा रेकॉर्ड-प्लेअर तर त्यांच्याही आधी मोडीत गेला. त्या संध्याकाळी घरात तीन पक्ष पडले. वडील म्हणाले, "रद्दीवाल्याला देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." आत्या आजोबांना दादा म्हणायची. ती म्हणाली, "दादांनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या वस्तू अशा बाजारात मांडायच्या?" आणि माझा चुलतभाऊ मोबाईल पुढे करून म्हणाला, "अहो, इंटरनेटवरच्या लिलावात एकेक तबकडी लाखाला जाते!"

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे विक्रीचे काम सर्वानुमते माझ्या गळ्यात पडले. पुढच्या चार महिन्यांत माझी जी फजिती झाली आणि त्यातून माझे जे मत बनले, तेच या लेखात मांडत आहे.

प्रथम चुलतभावाचे म्हणणे घेऊ. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. २००२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील जुन्या बाजारात एका संग्राहकाने ७५ सेंटला एक तबकडी उचलली. ती निघाली 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या वाद्यवृंदाच्या १९६६ मधील सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाची ॲसिटेट, म्हणजे ध्वनिमुद्रण कसे उतरले ते तपासण्यासाठी कापलेली कच्ची तबकडी. २००६ च्या डिसेंबरात ती ईबेवर लिलावाला लागली आणि बोली १,५५,४०१ डॉलरवर जाऊन थांबली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी छापली. २०१३ साली टॉमी जॉन्सन या ब्लूज गायकाची पॅरामाउंट कंपनीची एक ७८ फेऱ्यांची तबकडी अशाच लिलावात ३७,१०० डॉलरला गेली.

आता याची दुसरी बाजू पाहा. पॅरामाउंट ही अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची उपकंपनी होती. १९२९ नंतरच्या मंदीत लोकांना भाकरीची भ्रांत होती, तिथे तबकड्या कोण घेणार? टॉमी जॉन्सनची ती तबकडी त्या काळात खपलीच नाही, म्हणून आज ती दुर्मिळ आहे. याउलट, आपल्याकडे जी गाणी घरोघर वाजली, ज्यांच्या तबकड्या हजारोंनी निघाल्या, त्या आज कुणाच्याही माळ्यावर सापडतात आणि त्यांना विचारणारे कुणी नसते. आमच्या ट्रंकेत बहुतेक अशाच होत्या. आजोबांची आवड चारचौघांसारखी होती, म्हणून त्यांचा संग्रह बाजारात कवडीमोल ठरला! तबकडीचे मोल गाण्याच्या गोडीवर ठरत नाही. किती उरल्या आणि किती जणांना हव्या आहेत, यावर ते ठरते. पुस्तकातली मागणी-पुरवठ्याची रेषा मला त्या ट्रंकेपाशी बसून पहिल्यांदा खरी कळली.

या लिलावाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. जुन्या लिलावात एक माणूस हातोडा घेऊन उभा असे आणि बोलणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून चढाओढ करीत. संगणकावर तसे नाही. आपण जास्तीत जास्त किती देऊ तो आकडा गुपचूप नोंदवून ठेवायचा. आपल्या वतीने यंत्रच लागेल तेवढीच बोली वाढवीत जाते. अखेरीस वस्तू सर्वांत वरच्या माणसाला मिळते, पण त्याला द्यावी लागते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी वरची रक्कम. दुसऱ्या बोलीवर किंमत ठरविण्यामागचे तर्कशास्त्र १९६१ साली विल्यम विक्री यांनी मांडले. (लिलावावर लिहिणाऱ्याचे आडनाव विक्री असावे, हा योगायोग मराठी माणसालाच कळावा!) १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या म्हणण्याचे सार असे की, या पद्धतीत घेणाऱ्याने मनातला खरा आकडा सांगणेच त्याच्या फायद्याचे ठरते. कमी सांगितला तर वस्तू हुकते आणि जास्त सांगितला तर पदराला खार लागण्याचा धोका असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, लिलावाला दोन वेडे लागतात. एकाच माणसाला तबकडी हवी असेल, तर तो कितीही श्रीमंत असो, ती सुरुवातीच्या किमतीला जाईल. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. घेणाऱ्याला खरे बोलायला लावण्याची सोय लिलावाच्या नियमातच आहे. पण विकणाऱ्याचे काय? त्याला खरे बोलायला कोण लावणार?

येथेच माझी फजिती झाली. आजोबांच्या संग्रहात नाट्यसंगीताची एक एल.पी. होती. कव्हर जसेच्या तसे, तबकडी आरशासारखी चकचकीत. मी फोटो काढले आणि वर्णनात लिहिले, "स्थिती उत्तम." सात बोली आल्या आणि २,३५० रुपयांना ती गेली. घरात पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. आठ दिवसांनी घेणाऱ्याचे पत्र आले. दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात सुई एका जागी उडते आणि तबकडीला बाक आला आहे, असे त्यांनी कळविले होते. भाषा सभ्य होती. शेवटी एकच प्रश्न होता: "तुम्ही हे वर्णन ऐकून लिहिलेत की पाहून?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ऐकायला आमच्या घरी यंत्रच नव्हते! मी पैसे परत केले, तबकडी परत आली, येण्याजाण्याचा खर्च मी सोसला. पण ते वाक्य मनातून जाईना. मी खोटे बोललो नव्हतो, पण जे मला माहीत नव्हते ते माहीत असल्यासारखे लिहिले होते. या दोहोंत घेणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक?

जुन्या बाजारात गिऱ्हाईक तबकडी हातात घेते, उजेडात तिरपी धरते, नखाने चरा तपासते. संगणकावरच्या लिलावात हे काहीच शक्य नाही. तो शेकडो मैलांवर बसून आपल्या चार ओळी वाचतो आणि त्या ओळींवर पैसे लावतो. म्हणून मला वाटते, तेथे बोली लागते ती विकणाऱ्याच्या शब्दावर. तबकडी मागाहून टपालाने येते.

या व्यवहारात शब्दांची एक ठरीव प्रतवारीही आहे. १९७४ पासून निघणाऱ्या 'गोल्डमाइन' या अमेरिकन मासिकाच्या नावाने ती ओळखली जाते. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर अशा तिच्या पायऱ्या आहेत. गंमत अशी की, 'गुड' म्हणजे चांगली असे समजाल तर फसाल. 'गुड' तबकडीत खरखर भरपूर असते. कव्हरची प्रत वेगळी द्यायची, तबकडीची वेगळी. आतल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक लिहायचा, कारण पहिली आवृत्ती की नंतरची, हे पुष्कळदा त्यावरून कळते. आणि नुसती पाहून दिलेली प्रत असेल, तर 'वाजवून पाहिलेली नाही' हे स्वच्छ सांगायचे. एवढे एक वाक्य मी लिहिले असते, तर मला खाली मान घालावी लागली नसती.

कोणी म्हणेल, खोटे बोलणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाइके वाईट अभिप्राय देतात, मग त्याचे दुकान आपोआप बसते. खरे आहे. पण हा धाक रोज विकणाऱ्याला. आमच्यासारख्या एका ट्रंकेच्या विक्रेत्याला कसली पत आणि कसला धाक? ३८ तबकड्या संपल्या की आम्ही पुन्हा त्या बाजारात फिरकणारही नाही. या बाजारात मला सर्वांत भीती वाटते ती अट्टल लबाडाची नव्हे, एकदाच विकायला आलेल्या, लाखाची स्वप्ने पाहणाऱ्या, आपल्यासारख्या घरंदाज माणसाची! त्याला आवरणारे बाहेर काहीच नसते. जे काही असेल ते त्याच्या आतच असावे लागते.

असो. मी आमच्या संगीत विभागातील सरांकडून रेकॉर्ड-प्लेअर मागून आणला. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नकोस, लाख विरघळते, ही ताकीदही त्यांनीच दिली. रोज रात्री जेवणानंतर तीन-चार तबकड्या लावायच्या, दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या आणि वहीत दोष टिपायचे, असा क्रम सुरू झाला. तिसऱ्या दिवशी आत्या आपणहून येऊन बसली. पाचव्या दिवशी वडीलही आले. ज्या तबकड्या जपायच्या म्हणून माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या आमच्या घरात वीस वर्षांनी वाजल्या आणि त्या वाजल्या त्या विकायच्या होत्या म्हणून! आत्याच्या आक्षेपाचे उत्तर मला वाद घालून देता आले नसते. ते त्या दहा-बारा रात्रींनी दिले.

आत्याचा आक्षेप तरीही मी हलका मानीत नाही. ठेवा घराबाहेर जातो, कधी देशाबाहेर जातो, हे दुःख खरे आहे. पण पॅरामाउंटच्या अनेक गाण्यांचे मूळ साचे उरलेले नाहीत. आज ती गाणी ऐकू येतात ती संग्राहकांनी सांभाळलेल्या तबकड्यांवरूनच. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'ची ती १९६६ ची मुद्रणेही २०१२ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. आपल्याकडेही १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था उभी राहिली, तीही अशाच वेड्यांची. ठेवा खरा मरतो तो बंद ट्रंकेत आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर. तो ऐकणाऱ्याच्या हाती जात असेल तर जाऊ द्यावा. मात्र देण्यापूर्वी तो आपण ऐकावा, त्यावर काय आहे ते नोंदवून ठेवावे, आणि खरोखर दुर्मिळ काही निघाले तर बोलीआधी जाणत्याला दाखवावे. विकणाऱ्याने एवढे ऋण फेडलेच पाहिजे.

परत आलेली ती एल.पी. मी पुन्हा लिलावाला लावली. या वेळी लिहिले: "दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात सुई उडते. थोडा बाक आहे. बाकीची गाणी स्वच्छ. वाजवून लिहिले आहे." बोली आल्या तीन, मिळाले ९०० रुपये. चुलतभाऊ म्हणाला, "पाहा, खरेपणाने साडेचौदाशे घालवलेस." मी त्याला त्याच्याच आवडत्या गोष्टीचा शेवट सांगितला. २००६ मधील ती १,५५,४०१ डॉलरची बोली पोकळ निघाली; पैसे आलेच नाहीत. पुन्हा लिलाव झाला तेव्हा तीच तबकडी २५,२०० डॉलरला गेली, म्हणजे जवळजवळ एकषष्ठांशाला. वृत्तपत्रांत गाजला तो पहिला आकडा, पण विकणाऱ्याच्या हाती पडला तो दुसरा. खोट्या बोलीवर असो वा अर्धवट वर्णनावर, चढलेला आकडा ही किंमत नव्हेच. मग मी साडेचौदाशे घालवले कसे? ते माझे कधी नव्हतेच.

३८ पैकी पाच तबकड्या विकल्या गेल्या. २९ ना गिऱ्हाईक नाही. त्या सरांच्या विभागाला दिल्या, तेथे त्या वाजतात. चार आत्याने ठेवून घेतल्या आणि आता ती वडिलांच्या मागे लागली आहे, एक रेकॉर्ड-प्लेअर घ्या म्हणून.

मित्रहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. ती खुशाल उघडा, हवी तर विका. फक्त वर्णनाच्या चार ओळी लिहिण्यापूर्वी तो एक प्रश्न स्वतःला विचारा: हे मी ऐकून लिहितो आहे, की पाहून?