अर्ध्यावरचं मत

पुस्तकाबद्दल खरं मत ऐकायचं असेल, तर ते परत करायला आलेल्या वाचकाला विचारू नये. मुदत वाढवून घ्यायला आलेल्याला विचारावं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे माझी नोकरी झाली. तिथं बसून माझी ही खात्री झाली आहे. पुस्तक परत करणारा बहुधा एकच शब्द बोलतो, ‘छान’. त्याचं लक्ष पुढच्या पुस्तकाकडे गेलेलं असतं. मुदत वाढवायला आलेला वाचक अजून त्या पुस्तकातच असतो. कुणाचा तरी राग आलेला असतो, कुणाची काळजी लागलेली असते, नाहीतर कुठंतरी गाडी अडलेली असते. विचारलं की तो भडाभडा बोलतो.

आमच्या एका निवृत्त शिक्षकांनी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ नेलं होतं. 1967 साली आलेलं आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक वाचनालयात बसून नसतं, सतत कुणाकडे तरी असतं. मुदत संपली तशी सर आले, पण चेहरा उतरलेला. पहिलाच लेख भीष्मावर. “ताई, ज्या माणसाचं उदाहरण मी जन्मभर वर्गात दिलं, त्याला या बाई जाब विचारतात. पुढं वाचू की नको?” मी म्हटलं, “सर, गांधारी आणि कुंती वाचा, मग बोलू.” पुढच्या खेपेला ते आले तेव्हा राग पुरता गेला नव्हता. पण म्हणाले, “भीष्माचं मला अजून पटलेलं नाही. मात्र त्याच्या प्रतिज्ञेपायी त्या घरात आणलेल्या मुलींचं काय झालं, याचा मी इतकी वर्षं शिकवताना कधी विचारच केला नव्हता.” टेबलाशी उभे राहून, पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं, अशा अवस्थेत ते हे बोलले. शेवटी पुस्तक परत करताना मात्र म्हणाले, “उत्तम ग्रंथ.” मधल्या दोन भेटींत बोलणं झालं नसतं, तर त्या वाचनातून माझ्यापर्यंत हे दोनच शब्द पोचले असते.

सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’चं तर विचारूच नका. 1990मध्ये मौज प्रकाशन गृहानं ते काढलं आणि पुढे किती तरी वर्षं आमच्याकडे त्याच्यासाठी नंबर लागत. सुनीताबाईंच्या नवऱ्यावर, पुलंवर, जीव असलेला वाचक हे आत्मकथन अर्ध्यावर असताना हमखास अस्वस्थ व्हायचा. एकदा मुदत वाढवायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, “घरातलं असं चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती?” मागे उभ्या असलेल्या, शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांना ओळखतही नव्हत्या. त्या म्हणाल्या, “काकू, तुम्ही त्यांचं पुस्तक म्हणून वाचताय. ते हिचं आहे.” मग दोघी बाकावर बसून बोलत राहिल्या. एकीचं वाचून झालेलं, दुसरीचं चाललेलं. ते पुस्तक काळाच्या ओळीनं जात नाही. आठवण जिथं नेईल तिथं जातं. म्हणून मधेच बोलायला ते फार चांगलं, कारण ‘पुढं काय होतं’ हा प्रश्नच तिथं मोठा नाही. काकूंचं मत त्या दिवशी बदललं की नाही, मला माहीत नाही. बदलायलाच हवं होतं असंही नाही.

आपल्याकडे पुस्तकावर बोलायचे दोनच प्रकार राहिले आहेत. एक परीक्षण, तेही पुस्तक संपवून, विचार करून, बहुतेक वेळा लेखकाचा मान राखून लिहिलेलं. दुसरा, मुखपृष्ठाचा फोटो काढून मोबाइलवर टाकणं. पहिल्याची गरज आहेच. दुसऱ्यातून इतकंच कळतं, की पुस्तक हातात आलं. या दोहोंच्या मधे, पुस्तक चालू असताना माणसाच्या मनात जे चाललेलं असतं, त्याला जागाच उरलेली नाही. याला भीती हे मोठं कारण आहे, असं मला वाटतं. मोठ्या नावाचं, पुरस्कार मिळालेलं पुस्तक शंभराव्या पानावर कंटाळवाणं वाटलं, तर ते म्हणायचं कसं? लोक काय म्हणतील, आपल्याला कळलं नसेल. मग माणूस गप्प बसतो, पुस्तक उशाशी पडून राहतं, आणि एक दिवस ‘छान’ म्हणून परत येतं. त्या पुस्तकावरचे आमचे तारखांचे शिक्के सांगतात, की ते पाच जणांनी नेलं. पाचही जण एकाच प्रकरणाशी थांबले असतील, तर ते कुणालाच कळत नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. शेवटपर्यंत न वाचता मत देणं हा लेखकावर अन्याय आहे. अंतिम निकाल म्हणून ते मत दिलं, तर अन्यायच आहे. पण “मी इथवर आले आहे आणि आज मला असं वाटतं” एवढं म्हणण्यात कसला अन्याय? शिवाय मराठी कादंबरी अशा अर्ध्या मतांच्या सोबतीनंच वाढली आहे. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः दिली. त्या वेळी ते 26 वर्षांचे होते. ज्यांनी ती तेव्हा वाचली, त्यांच्या हातात शेवट नव्हताच. हाती असलेल्या भागावर बोलायचं आणि पुढच्या अंकाची वाट बघायची. कादंबरीतल्या यमूचं पुढं काय होणार याची काळजी करत आठवडा काढायचा. संपूर्ण पुस्तक हाती असण्याची सोय आपल्याला झाली, आणि मधे थांबून बोलायची सवय गेली.

सध्या मी तीच कादंबरी पुन्हा वाचते आहे. यमू नवऱ्याबरोबर मुंबईला आली आहे, तिथवर पोचले. आजचं माझं मत सांगते. सासरच्या घरातली धुसफुस फार लांबली आहे. तेच टोमणे, तीच रुसारुशी आपटे पुन्हा पुन्हा सांगतात, आणि काही पानं मी नेटानं वाचली. पण त्या घरातल्या बायकांचे दिवस खरोखर असेच जात असणार, हेही वाचताना जाणवतं. त्यामुळे ती लांबण काढून टाकावी असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुंबईतली पानं मात्र मी मुद्दाम सावकाश वाचते आहे. नवरा-बायको एकमेकांशी मोकळेपणानं बोलतात, ती लिहिते-वाचते, आणि एका पुरुषानं लिहिलेली ही बाई स्वतःच्या तोंडून इतकी खरी बोलते, की लेखकाचा विसर पडतो. पुढं तिच्या वाट्याला काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून इथून उठवत नाही. ती वाचून संपली की कदाचित मी फक्त शेवटाबद्दलच बोलेन. मुंबईतल्या या सुखाबद्दल बोलायचं, तर ते आजच.

शेवट फोडला जातो, हा दुसरा आक्षेप. त्यावर उपाय सोपा आहे. आपण कुठवर आलो ते आधी सांगावं, समोरच्याला विचारावं आणि त्याच्या पुढं जाऊ नये. आमच्या टेबलाशी हे लोकांनी न शिकवता पाळलं आहे.

महाराष्ट्रात 1967चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली हजारो वाचनालयांना अनुदान मिळतं. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती, वाचनालय किती वेळ उघडं असतं, हे सगळं आम्ही लिहून ठेवतो आणि तपासणीला दाखवतो. ते हवंच. पण वाचक पुस्तकाबद्दल काय म्हणाला, याची एकही वही आमच्याकडे नसते. दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन होतो. वाचनाचं महत्त्व सांगणारी भाषणं होतात. समोर बसलेल्या मुलांना कुणी विचारत नाही, की तुझ्या दप्तरात आत्ता कुठलं पुस्तक आहे आणि तू कितव्या पानावर आहेस. एखादा मुलगा म्हणेल, ‘बनगरवाडी’ कादंबरी वाचतोय, पण मास्तर गावात आला तरी अजून काहीच घडत नाही. त्याला तेवढं म्हणू द्यावं. शाळेत पोरं जमवायला मास्तरला किती खटपट करावी लागली, ते वर्गातल्या दुसऱ्या एखाद्याच्या लक्षात आलेलं असेल. तो सांगेल. भाषणापेक्षा या दोघांच्या बोलण्यानं पुस्तक पुढं वाचलं जाण्याची शक्यता जास्त.

वाचनालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवा. मुदत वाढवायला आलेल्याकडून पुस्तकाचं नाव, पान आणि दोन ओळी लिहून घ्या. नाव लिहायची सक्ती नको. तेच पुस्तक नेणाऱ्या पुढच्या सभासदाला ती वही दाखवा. आणि वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी मुदत वाढवायला जाल, तेव्हा नुसतं कार्ड पुढं करू नका. कुठवर आलात आणि काय वाटतंय, ते टेबलामागच्या माणसाला सांगा. ऐकायला आम्हाला वेळ असतो.