बालगृहाच्या नकाशात आईची जागा कोठे?



थंडीचे दिवस आले की आपल्यातील अनेक कुटुंबे बुद्धगयेची वाट धरतात. दीक्षा घेऊन फार काळ लोटलेला नसतो, पदरी फारसे साठलेलेही नसते. तरी महाबोधी विहाराचे दर्शन एकदा घडावे म्हणून माणसे रात्र रात्र रेल्वेत बसून जातात. विहाराच्या वाटेवर लहान मुले हात पुढे करून उभी असतात. त्यांना पाहून तुमचा जीव कळवळतो. अशा वेळी कोणी पावतीपुस्तक पुढे करून म्हणाला की, या अनाथ मुलांसाठी बालगृह बांधावयाचे आहे, एका खोलीचे दान द्या, तर तुमचा हात आपोआप खिशाकडे जातो. तो हात क्षणभर थांबवावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. दान अवश्य द्या. परंतु त्यापूर्वी त्या इमारतीचा नकाशा मागून पाहा.

ही मुले कोणाची, हा पहिला प्रश्न होय. २००२ साली युनेस्कोने महाबोधी विहाराची नोंद जागतिक वारसास्थळांत केली. हंगामात परदेशची विमाने गयेस उतरतात आणि हॉटेलांच्या नव्या इमारती उभ्या राहतात. पण याच परिसरात भुइयाँ व मुसहर या दलित जातींचे टोले आहेत. यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबल्या. महंताच्या मठाकडील हजारो एकर जमिनीसाठी १९७८ पासून येथील भूमिहीनांनी लढा दिला आणि काही गावांत जमिनीचे पट्टे स्त्रियांच्या नावेही मिळविले. अशा झुंजार आयांच्या मुलांना केवळ अंगावरचे कपडे पाहून अनाथ ठरविण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? दारिद्र्य निराळे आणि अनाथपण निराळे.

हा भेद विसरल्याने काय होते, ते कंबोडिया या बौद्ध देशात दिसून आले आहे. तेथील अंगकोरची मंदिरे १९९२ साली जागतिक वारसास्थळ झाली आणि शेजारचे सिएम रीप हे गाव प्रवाशांनी गजबजून गेले. २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्या देशातील बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तेथे युद्ध नव्हते. बालगृहांतील सुमारे चारांपैकी तीन मुलांच्या आईबापांपैकी निदान एक जण हयात होता. प्रवासी दान देत होते, म्हणून बालगृहे निघत होती. बालगृहे निघाली, म्हणून खेड्यांतून मुले आणली जात होती. शिक्षणाच्या आशेने आईबापांनी मुले हवाली केली आणि काही ठिकाणी तीच मुले पाहुण्यांपुढे नाचविली गेली. पुढे सिएम रीपसह पाच प्रांतांतील ३० टक्के मुलांना कुटुंबात परत नेण्याचे उद्दिष्ट तेथील शासनास ठरवावे लागले.

भगवान बुद्धांनी राहुलास संघात घेतले, तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख त्यांच्यापुढे मांडले. त्यावर, आईबापांच्या संमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम बुद्धांनी घालून दिल्याचे विनयपिटकात नमूद आहे. जी गोष्ट संघास बंधनकारक झाली, ती वीटकाम करणाऱ्या संस्थेस बंधनकारक का असू नये?

आता नकाशाकडे वळू. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे आणि संस्थेची नोंदणी सक्तीची केली आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत ५० मुलांच्या गृहाची मापेही दिली आहेत : निजण्यासाठी प्रत्येकी १,००० चौरस फुटांची दोन दालने, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट, जेवणघर ८०० आणि ग्रंथालय ५०० चौरस फूट. ही मापे पाळलीच पाहिजेत. परंतु आई मुलाजवळ किती वेळ बसू शकते, हे चौरस फुटांत मोजता येत नाही. ते इमारतीच्या रचनेवरूनच कळते.

म्हणून विचारा : ही जागा टोल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे की हॉटेलांच्या रस्त्यावर? पन्नास खाटांचे एकच लांबट दालन आहे, की सख्खी भावंडे एकत्र राहतील अशी आठ-दहा मुलांची लहान घरे, प्रत्येकाला स्वतःची चूल आणि ओटा? पाण्याचा नळ, वाचनालय, सायंकाळचा अभ्यासवर्ग आणि बालवाडी वस्तीसाठी खुली आहेत काय? दुरून आलेल्या आईबापास रात्री मुक्कामाची खोली आहे काय? प्रवाशाची वाट कचेरीपर्यंतच थांबते, की मुलांच्या अंथरुणापर्यंत जाते? गयेच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. तेथे रस्त्यावरून शोभणारी काचेची दर्शनी भिंत काय कामाची? जाड विटांची भिंत, खोल पडवी, अंगणात कडुनिंब आणि काम करणारा गवंडी त्याच टोल्यातला असावा. पाया खणण्यापूर्वी जमिनीवर फक्की टाकून खोल्या आखाव्यात, टोल्यातील आयांना त्या रेषांतून फिरवावे आणि त्या सांगतील तेथे दार सरकवावे.

कोणी म्हणेल, आपला समाज वसतिगृहांतूनच शिकला. खरे आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले, हा आपला अभिमानाचा वारसा आहे. परंतु वसतिगृह मुलाला शाळेजवळ आणते आणि सुटी लागली की ते घरी जाते. त्याचे आईबाप आहेत, हे तेथे कोणी लपवीत नाही. ज्या मुलांना खरोखर कोणी नाही, त्यांच्यासाठी घर हवेच. पण तेही वस्तीच्या कुशीत हवे. बाकीच्यांच्या बाबतीत, किती खाटा भरल्या यापेक्षा किती मुले घरी परतली, यावरून बालगृहाचे यश मोजावे. आणि रिकाम्या होणाऱ्या खोल्यांत उद्या शाळा भरेल, अशीच त्यांची बांधणी असावी.

तुमचा पैसा घामाचा आहे. एकेकाळी आपल्या आयांनाही दाराबाहेर उभे केले गेले होते. आपल्या दानातून उभ्या राहणाऱ्या घराबाहेर दुसऱ्या कोणाची आई ताटकळत उभी राहू नये, याची खात्री करून घ्या आणि मगच पावतीवर नाव घाला.