न झगडता साधलेले वळण

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हे अखंड सांभाळावे लागते. सौरपट्ट्यांवर ऊन पडले पाहिजे. अँटेना योग्य दिशेला राहिले पाहिजेत. परंतु गुरुत्वाकर्षण आणि तेथील अतिविरळ हवा स्थानकाला सतत पीळ देत असतात. तो पीळ सोसण्यासाठी स्थानकावर चार जड पोलादी चक्रे मिनिटाला ६,६०० फेरे घेतात. त्यांचे आस कलवले की स्थानक सावरते. ही चक्रे सूर्यापासून मिळणाऱ्या विजेवर चालतात. मात्र त्यांच्या सामर्थ्याला मर्यादा आहे. ती गाठली की छोटी रॉकेट इंजिने पेटवावी लागतात, आणि त्यांचे इंधन पृथ्वीवरूनच न्यावे लागते.

स्थानकाचे तोंड पूर्ण उलट दिशेला फिरवायचे, तर नेहमीच्या रीतीने सुमारे ५० किलो इंधन खर्ची पडे. कारण जवळच्या वाटेने वळताना निसर्गाच्या बलांशी झुंजावे लागे. अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेचे नाझरेथ बेड्रोसियन व त्यांचे सहकारी यांनी वेगळा विचार केला. वाट लांबची असो, पण त्या वाटेवर तीच बले चक्रांचा भार हलका करतील, अशी ती आखावी. ५ नोव्हेंबर २००६ रोजी स्थानक ९० अंशांनी वळले आणि ३ मार्च २००७ रोजी १८० अंशांनी. इंधन मुळीच खर्चले नाही. त्यासाठी नवे यंत्रही वर पाठवावे लागले नाही. पृथ्वीवरून केवळ नव्या आज्ञा गेल्या.