खुनी सांगा, भुताचे राहू द्या

माझ्या मते रहस्याच्या मालिकेत खुनी कोण ते सांगितलेच पाहिजे. सी.आय.डी. १९९८ साली सुरू झाली. तिच्यात दया दार तोडतो, एसीपी प्रद्युम्न चोर पकडतात. मग झोप लागते.

पण सगळेच सांगू नये. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली आली. अण्णा नाईक सुरुवातीलाच वारतात. ते कसे होते हे दुसऱ्या भागात, २०१९ साली दाखवले. तोवर नळावर बायका तेच बोलायच्या, असे आई सांगते. कळले आणि बोलणेच संपले!

वाड्यात भूत होते असे आजी म्हणते. बाबा म्हणतात, माणसांचीच करणी. अजून भांडतात. मला मजा वाटते. फक्त रात्री परसात जाताना वाटते, भूत नसते असे मालिकेने नक्की सांगायला हवे होते.

(इयत्ता ४ थी)