टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर मराठी घरांत का रुजला नाही?

विटा म्हणजे यंत्रमाग आणि गलाई व्यवसायाचं गाव. इथल्या अनेकांनी पहिला कॉम्प्युटर हाताळला तो 2001 नंतर, एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये. पण घरगुती कॉम्प्युटर भारतात त्याच्या 15 वर्षं आधीच आला होता.

1986 मध्ये डेसिबेल्स कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती बाजारात आणली. यंत्र टीव्हीला जोडायचं, प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचे. त्याआधी 1984 मध्ये केंद्राच्या 'क्लास' योजनेतून सुमारे 250 शाळांना बीबीसी मायक्रो मिळाला होता.

किंमत हा अडथळा होताच. पण खरी अडचण स्क्रीनवर होती. ही यंत्रं एकेक अक्षर 8 बाय 8 ठिपक्यांत काढायची. त्यात इंग्रजी 'ए' आरामात बसतो, 'ष्ट्र' कसा बसवणार? मग धंद्याचा हिशोब, पत्रं हे काम मराठीत होणं कठीणच. उरलं काय, तर गेम आणि बेसिक.

गंमत म्हणजे उपाय पुण्यातूनच आला. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलं. पण जिस्ट कार्ड बसायचं महागड्या पीसीत, म्हणजे ऑफिसात. घरच्या स्वस्त यंत्रासाठी ते नव्हतंच. भारतीय लिपींसाठीचं 'इस्की' प्रमाण 1991 मध्ये आलं, तोवर स्पेक्ट्रमचा बाजार उठला होता.