मालकाडीच तोडलीस की गं!

तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीनं वेलीची छाटणी चुकवावी, हे सांगायला मला अजून लाज वाटते. आणि मी ती एकदा नव्हे, दोनदा चुकवली. दोन्ही बाजूंनी.

इंग्लंडात, सरे परगण्यातल्या वोकिंगजवळ आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणावर एक वेल होती. घर विकणाऱ्या आजीबाई 'क्लेमॅटिस आहे' एवढंच सांगून गेल्या. हिवाळ्यात तिचा अवतार म्हणजे फळ्यांवर फेकून दिलेला सुतळीचा गुंता. शेजारी म्हणाले, फेब्रुवारी आला की गुडघ्याखाली कापून टाका. टाकली. मे महिन्यात रस्त्यावरची कुंपणं फिकट गुलाबी फुलांनी झाकली गेली आणि आमच्याकडे नुसता हिरवागार पाला.

व्हिडिओ कॉलवर वडिलांना, आण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "आगं, मालकाडीच तोडलीस की गं!"

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत भर उन्हाळ्यात घड धरतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीत तीच पिकलेली काडी, म्हणजे मालकाडी, मोजके डोळे राखून कापायची, मग घड बाहेर पडतो. ऑक्टोबरात कुणी खरड छाटणी केली तर वर्ष वाया. मी कुंपणावर नेमकं तेच केलं होतं.

ती वेल होती मोंटाना. पानं तीन-तीनची, बेलासारखी, फक्त कडा दातेरी. फूल चार दळांचं, येतं मेमध्ये आणि येतं गेल्या वर्षीच्या काडीवर. म्हणून तिची छाटणी फुलं ओसरल्यावर, जूनच्या सुमारास. ही मूळची हिमालयातली. 1831 मध्ये भारताच्या माजी गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट यांनी ती इंग्लंडात आणली. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्या झाडाला आपण उर्वशी म्हणतो, त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया, तेही याच बाईंवरून. म्हणजे आमच्या कुंपणावरची वेल आमच्यासारखीच तिकडून इकडे आलेली, आणि तिला कापून काढली मी!

दुसरी चूक भीतीपोटी. पुढच्या दारी जांभळी क्लेमॅटिस होती. हात पोळल्यामुळे तिला मी तीन वर्षं सिकेटर लावलाच नाही. ती चढत गेली. खाली वाळक्या काटक्या, मध्ये काही नाही, आणि फुलं सगळी पन्हळीपाशी, वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघायला. ही निघाली जॅकमनाय. जॅकमन यांच्या वोकिंगच्याच रोपवाटिकेत 1858 मध्ये केलेल्या संकरातून ती आली आणि 1862 मध्ये पहिल्यांदा फुलली. म्हणजे आमच्या गावची लेक, आणि ओळखली नाही ती आम्हीच. ही फुलते जुलैपासून, त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. हिला खरड छाटणीच हवी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीपासून फूटभर.

इथल्या रोपवाटिका यावर तोडगा म्हणून चिठ्ठीवर आकडा छापतात, छाटणी गट 1, 2 किंवा 3. माझं भांडण या आकड्याशी आहे. पद्धत चुकीची नाही, पण ती उत्तर सांगते आणि प्रश्न झाकते. चिठ्ठी पहिल्याच पावसाळी हिवाळ्यात पुसून जाते (इथे दुसऱ्या प्रकारचा हिवाळा नसतो). मग माणसाच्या हातात उरतो शेजाऱ्याचा सल्ला आणि कॅलेंडर. मुळात विचारायचं एवढंच की फूल कुठल्या काडीवर येतं. जुन्या काडीवर येत असेल तर फुलून झाल्यावर कापा, नव्या फुटीवर येत असेल तर हिवाळा सरताना खरडून काढा. नेली मोझरसारख्या मोठ्या फुलांच्या जाती मे-जूनमध्ये जुन्या काडीवर फुलतात आणि उन्हाळा उतरताना थोड्या नव्यावरही. त्यांचे फक्त शेंडे, खालच्या टपोऱ्या डोळ्यांपर्यंत. झालं.

म्हणून नव्या घरातल्या अनोळखी वेलीला पहिलं वर्षभर हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पसारा दिसेल, शेजारी बोलतील, बोलू द्यावं. फुलं कधी आली ती तारीख तेवढी लिहून ठेवावी.

जॅकमनाय कापली त्या दिवशी जवळून बघितलं. साल कागदासारखी सुटलेली, काडी इतकी तपकिरी की मेलेलीच वाटावी. नखानं ओरखडा काढला तर आत हिरवी. द्राक्षासारखे हिला तणावे नसतात, पानाचा देठच तारेला वेढा घालतो. गेल्या वर्षीचे ते वाळलेले देठ अजून तार सोडत नव्हते. पानं समोरासमोर, त्यामुळे डोळेही जोडीनं. त्या जोडीच्या जरा वर काप घेतला. हातमोजे घालून, कारण हिचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते. इथल्या झुडपांत माजणाऱ्या हिच्या रानटी बहिणीला फ्रेंच लोक भिकाऱ्यांची वेल म्हणतात. तिच्या पाल्यानं अंगावर फोड आणून भीक मागत म्हणे.

जुलैत फुलं कमरेपासून वरपर्यंत आली. फोटो आण्णांना पाठवला, तर ते म्हणाले, "घड कुठायत?"

आता शेडमागे तिसरी एक सापडली आहे, चिठ्ठी नसलेली. तिला लाल दोरा बांधून ठेवलाय. शेजारी परवा कुंपणावरून विचारत होते, ही कधी कापणार? म्हटलं, अजून फुलली नाही.