काट्यावर सहा, पुलावर दहा!
१०० दिवसांत १० किलो! अकोल्याच्या ऑफिसात पैज लावली होती. काल मुदत संपली. काटा म्हणतो, सहाच. हरलो ना भाऊ!

दोष कुणाला देऊ? रोजचं बडनेरा-अकोला अप-डाऊन, आणि अमरावतीत परतलं की गिला वडा समोर. तरी पहाटे छत्री तलावावरचं चालणं चुकवलं नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ज्याच्या चमूनं कबड्डी दाखवली, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात ढेरी मिरवायची म्हणजे लाजच की!

पण परवा उशीर झाला. बडनेरा स्टेशनचा पूल धावत चढलो, गाडी पकडली. धाप नाही! पहिल्या आठवड्यात याच पुलावर मध्येच टेकलो होतो. हे काट्याला कुठं दिसतं?

उरलेले चार किलो सावकाश. गिला वडा मात्र आता फक्त रविवारी.